ट्रिगर हाताने तपासला की चालतो, लढाईत मात्र चुकतो

निळीशाई

मडलेटमध्ये (मड म्हणजे मजकुरावर चालणारे ऑनलाइन खेळ, त्यांच्यासाठीचा हा क्लायंट) औषध पिण्याचा ट्रिगर, म्हणजे ठरावीक ओळ आली की आपोआप चालणारी स्क्रिप्ट, लिहिलाय. तब्येत ठरवलेल्या आकड्याखाली गेली की सर्व्हरला 'औषध पी' असा आदेश जायला हवा. खेळाच्या ओळी आणि कोड या धाग्यात देवनागरीत देतोय, वाचायला सोपं जावं म्हणून. क्लायंटमध्ये अक्षरं आणि आकडे अर्थातच रोमन आहेत.

प्रॉम्प्ट, म्हणजे सर्व्हर वरचेवर पाठवतो ती स्थितीची ओळ, असा येतो:

<९५०/१०४० तब्येत ३१०/८२० मंत्र>

ट्रिगरचा प्रकार पर्ल रेगेक्स, म्हणजे ओळीशी जुळवायचा चिन्हांचा नमुना, कंसातला भाग पकडून ठेवणारा. नमुना:

^<([०-९]+)/([०-९]+) तब्येत ([०-९]+)/([०-९]+) मंत्र>$

सीमा खेळताना बदलता यावी म्हणून एक एलियस आहे. 'सीमा २००' टाइप केलं की तो आकडा पकडून ठेवतो (मॅचेस[२] म्हणजे पहिली पकड):

सीमा = मॅचेस[२]

ट्रिगरमधली स्क्रिप्ट एवढीच:

इफ मॅचेस[२] < सीमा देन सेंड("औषध पी") एंड

आता लक्षणं. सीमा २०० ठेवली तर तब्येत १५० असताना बरोबर पितो. ९५ असताना पीत नाही. १०४० म्हणजे पूर्ण तब्येत असताना मात्र पितो. दुसरं, लढाईत बऱ्याच प्रॉम्प्टवर ट्रिगर सुटतच नाही. लॉगमधून तीच ओळ उचलून फीडट्रिगर्सने, म्हणजे ओळ हाताने ट्रिगरकडे पाठवणाऱ्या फंक्शनने, दिली की लगेच सुटतो. तिसरं, कधीकधी एका फटक्यात दोन-तीन औषधं संपतात. एररची खिडकी पूर्ण कोरी आहे.

टेलनेटकर

लक्षणं नीट सुटी करून दिलीत, त्यामुळे काम सोपं झालं. हे तीन वेगवेगळे दोष आहेत. तिन्ही एकदम सुधारायला जाऊ नका, नाहीतर कशाने काय सुटलं ते कळणार नाही. आणि नमुन्याला इतक्यात हात लावू नका.

आधी ९५ आणि १०४० चं बघू. रेगेक्सने पकडलेली प्रत्येक गोष्ट स्ट्रिंग, म्हणजे नुसती अक्षरांची माळ असते, मग ती दिसायला आकडा का असेना. एलियसमधली सीमा पण पकडूनच आलीय, म्हणजे तीही स्ट्रिंग. दोन स्ट्रिंगची तुलना लुआ, म्हणजे मडलेटची स्क्रिप्टची भाषा, डावीकडून एकेक अक्षर बघून करतो, शब्दकोशात शब्द लावतात तशी. त्यामुळे:

"१५०" < "२००" खरं, कारण १ हे २ च्या आधी येतं
"९५" < "२००" खोटं, कारण ९ हे २ च्या नंतर येतं
"१०४०" < "२००" खरं, पुन्हा पहिल्या १ मुळे

दोन्ही बाजूंना अंकांची संख्या सारखी असली की उत्तर बरोबर येतं. म्हणून तीन आकडी तब्येतीत सगळं ठीक वाटतं आणि तब्येत दोन आकड्यांवर आली, म्हणजे औषधाची खरी गरज पडली, की ट्रिगर गप्प बसतो.

एररची खिडकी कोरी का, तेही यातच आहे. एका बाजूला खरा आकडा आणि दुसऱ्या बाजूला स्ट्रिंग असती, तर लुआने तुलना करायला नकार देऊन लाल अक्षरांत एरर दिली असती. दोन्ही स्ट्रिंग असल्यामुळे त्याच्या लेखी तुलना वैध आहे. शिवाय बेरीज-वजाबाकीत लुआ स्ट्रिंगचा आकडा आपणहून करून घेतो, "२००" - १० चं उत्तर १९० येतं. त्यामुळे 'वजाबाकी जमते म्हणजे हा आकडाच आहे' असा समज होतो. तुलनेत तो असं काही करत नाही.

दुरुस्ती दोन्ही ठिकाणी करा, टोनंबर स्ट्रिंगचा आकडा करतो. एलियसमध्ये:

सीमा = टोनंबर(मॅचेस[२])

ट्रिगरमध्ये:

लोकल तब्येत = टोनंबर(मॅचेस[२])
इफ तब्येत < सीमा देन सेंड("औषध पी") एंड

एकाच जागी केलीत तर आता एरर दिसेल. ती दिसली तर बरंच, निदान दोष कुठे आहे ते कळतं.

अर्धविराम

टोनंबरबद्दल एक पुरवणी. खेळ आकड्यात स्वल्पविराम देत असेल, म्हणजे १,०४०, तर टोनंबर निल (म्हणजे 'काहीच नाही') देतो आणि पुढची तुलना मोडते. आधी स्वल्पविराम काढावे लागतात. पण बरेच जण हे असं लिहितात:

टोनंबर(मजकूर:जीसब(",", ""))

हे चुकतं. जीसब दोन गोष्टी परत देतो, बदललेली स्ट्रिंग आणि किती ठिकाणी बदल झाला ती संख्या. टोनंबर ती दुसरी संख्या आकड्याचा पाया म्हणून घेतो. एकच स्वल्पविराम असेल तर पाया १ होतो आणि 'बेस आउट ऑफ रेंज' अशी एरर येते. १०,४०,००० सारख्या आकड्यात दोन निघाले तर पाया २, आणि द्विमान पद्धतीत ४ हा अंकच नसल्यामुळे निल. जास्तीचा एक कंस घातला की फक्त पहिली किंमत उरते:

टोनंबर((मजकूर:जीसब(",", "")))

आतल्या कंसजोडीत विनाकारण घातल्यासारखं काहीच नाही. 'कोड साफ करताना' ती काढून टाकू नका.

निळीशाई

डिस्प्ले(मॅचेस[२], सीमा) करून बघितलं. दोन्ही अवतरणचिन्हांत आले, म्हणजे स्ट्रिंगच. दोन्हीकडे टोनंबर लावल्यावर ९५ ला पितो, १५० ला पितो, १०४० ला पीत नाही. पहिला दोष मिटला.

लढाईतलं मात्र जसंच्या तसं आहे.

कोरीपाटी

लढाईतल्या दोषासाठी एक प्रश्न आधी स्वतःला विचारा: तुम्ही फीडट्रिगर्सला दिलेली ओळ आणि सर्व्हरकडून आलेली ओळ खरंच एकच आहे का? लॉगमधून कॉपी करताना शेवटची रिकामी जागा बहुतेकदा गळून पडते, आणि मागेपुढे चिकटलेला मजकूर आपणच हाताने सोडून देतो. म्हणजे तुम्ही साफ केलेली ओळ तपासताय. क्लायंटला जी मिळते ती ओळ बघा.

त्यासाठी तात्पुरता एक ट्रिगर करा. पर्ल रेगेक्स, नमुना ^.*$ आणि स्क्रिप्ट:

एको("[" .. लाइन .. "] " .. #लाइन .. "\न")

शेवटची खूण नव्या ओळीची आहे. 'लाइन' हे मडलेटचं स्वतःचं व्हेरिएबल, त्यात चालू ओळ असते, रंगांचे कोड काढून टाकलेली. चौकोनी कंसामुळे शेवटची जागा डोळ्यांना दिसते. एकोने छापलेला मजकूर ट्रिगरकडे परत जात नाही, त्यामुळे यातून चक्र सुरू व्हायची भीती नाही. फीडट्रिगर्सचं तसं नाही, त्याचा मजकूर सगळ्या ट्रिगरमधून जातो. इथे चुकून ते वापरलंत तर क्लायंट गोठेल.

कंसात जागा दिसली पण नमुन्यातल्या जागेशी जुळत नसली, तर बाइट छापा: प्रिंट(लाइन:बाइट(१, -१)). साधी जागा ३२. ओळीच्या शेवटी १३ दिसला तर तो कॅरेज रिटर्न. लागोपाठ १९४ आणि १६० दिसले तर ती यूटीएफ-८ मधली न तुटणारी जागा, जी दिसते तंतोतंत साध्या जागेसारखी आणि ३२ शी कधीच जुळत नाही. # ही खूण लुआत बाइट मोजते, अक्षरं नव्हे, हेही ध्यानात असू द्या. साध्या इंग्रजी ओळीत फरक पडत नाही, इतर लिप्यांत पडतो.

काम झालं की हा ट्रिगर काढून टाका. प्रत्येक ओळीवर चालणारा ट्रिगर लढाईच्या गर्दीत जाणवतो.

निळीशाई

हे बघा काय आलं:

[<१५०/१०४० तब्येत ३१०/८२० मंत्र> ]
[<१४२/१०४० तब्येत ३१०/८२० मंत्र> गॉब्लिनचा वार तुमच्या खांद्यावर बसतो.]
[<१३०/१०४० तब्येत ३१०/८२० मंत्र> <१३०/१०४० तब्येत ३०२/८२० मंत्र> ]

पहिल्या ओळीत शेवटी ३२ आहे.

कोरीपाटी

तुमच्या नमुन्यातलं शेवटचं $, म्हणजे 'ओळ इथेच संपली पाहिजे', या तिन्ही ओळींत मोडतं. पहिलीत रिकाम्या जागेमुळे, दुसरीत पुढची ओळ चिकटल्यामुळे, तिसरीत दोन प्रॉम्प्ट एकत्र आल्यामुळे.

कारण असं. साधी ओळ संपली की सर्व्हर नवी ओळ पाठवतो आणि क्लायंटला कळतं, ओळ पूर्ण झाली. प्रॉम्प्टच्या शेवटी नवी ओळ नसते, कारण तुमचा आदेश त्याच ओळीवर पुढे दिसावा अशी अपेक्षा असते. मग प्रॉम्प्ट संपला हे सांगायला टेलनेटमध्ये (क्लायंट आणि सर्व्हर यांच्या बोलण्याची पद्धत) वेगळी खूण आहे: गो-अहेड, म्हणजे २५५ आणि २४९ हे बाइट, किंवा एंड-ऑफ-रेकॉर्ड (ईओआर), म्हणजे २५५ आणि २३९. दुसरी खूण वापरायची तर दोन्ही बाजूंनी २५ क्रमांकाच्या पर्यायावर आधी होकार द्यावा लागतो. यातलं काहीच सर्व्हरने पाठवलं नाही, तर क्लायंट थोडा वेळ वाट बघतो आणि पुढे काही आलं नाही की आहे तेवढी ओळ संपली असं धरतो. शांतपणे उभे असता तेव्हा हे चालून जातं. लढाईत त्या अवधीच्या आत पुढचा मजकूर येऊन चिकटतो. 'हाताने चालतो, लढाईत चुकतो' ही तक्रार ऐकली की आधी याच जागी बघावं.

खेळात 'कॉन्फिग' किंवा 'टेलनेट' अशा नावाच्या आदेशात गो-अहेड किंवा ईओआर चालू करायची सोय आहे का बघा, पुष्कळ मडमध्ये असते. चालू झालं की नाही हे तपासायला मडलेटमध्ये 'प्रॉम्प्ट' याच प्रकारचा ट्रिगर करा, त्याला नमुना लागत नाही. तो फक्त या खुणांवर सुटतो. सुटला तर खूण येतेय.

सोय नसेल तर नमुना सैल करा. प्रॉम्प्टचा नमुना शेवटच्या $ शिवाय:

^<([०-९]+)/([०-९]+) तब्येत ([०-९]+)/([०-९]+) मंत्र>

आणि इतर ओळींच्या ट्रिगरना पुढे चिकटलेला प्रॉम्प्ट चालवून घ्यायला सांगा:

^(?:<[०-९]+/[^>]*> ?)*गॉब्लिनचा वार

कंसापुढच्या ?: मुळे तो गट पकडला जात नाही, म्हणून मॅचेसचे क्रमांक सरकत नाहीत. नेहमीचा कंस घातलात तर तुमचं जुनं मॅचेस[२] एकदम मॅचेस[३] होईल आणि नवाच घोळ सुरू होईल.

दोन प्रॉम्प्ट एकत्र येतात तिथे पहिला पकडला जातो, म्हणजे जुनी किंमत. ट्रिगरमधलं 'मॅच ऑल' निवडलं तर एका ओळीतले सगळे प्रॉम्प्ट मिळतात, पण मग सुरुवातीचं ^ ('ओळ इथूनच सुरू') काढावं लागतं. त्याची वेगळीच जोखीम आहे. बहुतेक वेळा जुनी किंमत पुढच्या प्रॉम्प्टला सुधारते, तेवढं सोसावं.

सहावामजला

याच विषयातला प्रश्न, वेगळा धागा काढत नाही. मशक्लायंट या दुसऱ्या मड क्लायंटमध्ये 'गॉब्लिन * मेला' असा ट्रिगर चालत होता. त्याला 'रेग्युलर एक्स्प्रेशन'ची खूण केल्यापासून बंद पडला. दुसरं म्हणजे, एकाच ओळीवर दोन ट्रिगर आहेत, त्यातला एकच चालतो.

अर्धविराम

खूण नसते तेव्हा मशक्लायंट * चा अर्थ 'इथे काहीही चालेल' असा घेतो आणि आतल्या आत त्याचं रेगेक्स स्वतः बनवतो. खूण केली की नियम रेगेक्सचे. तिथे * म्हणजे 'आधीचं चिन्ह शून्य किंवा कितीही वेळा'. तुमच्या नमुन्यात आधीचं चिन्ह रिकामी जागा आहे, म्हणजे नमुना फक्त जागा शोधतोय. असं लिहा:

^गॉब्लिन (.*?) मेला

मूळ ओळीत पूर्णविराम, प्रश्नचिन्ह, कंस, अधिक किंवा डॉलर असेल तर प्रत्येकाच्या आधी \ हवा. पूर्णविराम विसरला तर ट्रिगर बंद पडत नाही, उलट जास्त ओळींवर सुटतो, म्हणून तो दोष उशिरा सापडतो.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर क्रमांकात आहे. मशक्लायंटमध्ये प्रत्येक ट्रिगरला सीक्वेन्स असतो, नेहमीचा १००. लहान क्रमांक आधी तपासला जातो, आणि जुळलेल्या ट्रिगरला 'कीप इव्हॅल्युएटिंग'ची खूण नसेल तर तपासणी तिथेच थांबते. पहिल्या ट्रिगरला ती खूण करा. टिनटिन++ हा क्लायंट वापरणाऱ्यांसाठी: तिथे एका ओळीवर एकच ॲक्शन (तिथला ट्रिगर) चालते. तिसऱ्या महिरपी कंसातला प्राधान्यक्रम, नेहमीचा ५, जितका लहान तितका आधी. दोन कामं हवी असतील तर ती एकाच ॲक्शनमध्ये लिहावी लागतात. मडलेटमध्ये असं थांबणं नाही, झाडात वरून खाली सगळे जुळणारे ट्रिगर चालतात. म्हणून एका क्लायंटमधून दुसऱ्यात ट्रिगर हलवताना फक्त नमुना उतरवून भागत नाही.

अजून एक, मशक्लायंटमध्ये ओळ लपवायची असेल आणि त्याच ट्रिगरने स्वतःचा मजकूरही छापायचा असेल, तर 'सेंड टू स्क्रिप्ट' ऐवजी 'स्क्रिप्ट आफ्टर ऑमिट' निवडा. नाहीतर तुमचा छापलेला मजकूरही ओळीबरोबर गायब होतो आणि ट्रिगर चाललाच नाही असं वाटतं.

टेलनेटकर

कोरीपाटी यांनी प्रॉम्प्टचं सांगितलं, त्याला टिनटिन++ मधला जोड: तिथे 'पॅकेट पॅच' नावाची कॉन्फिग आहे. अर्धवट आलेली ओळ क्लायंट किती सेकंद धरून ठेवेल ते त्यात ठरतं. एकच ओळ दोन पॅकेटमध्ये तुटून येत असेल तर याने ती सांधली जाते. जितका आकडा मोठा तितका प्रॉम्प्ट उशिरा दिसतो, म्हणून ०.५ च्या वर जायची सहसा गरज नसते. चाचणीसाठी शोमी आज्ञा वापरा, तिचा मजकूर ॲक्शनमधून जातो.

आता निळीशाई यांचा तिसरा दोष, जास्तीची औषधं. याची दोन कारणं असू शकतात, आणि ती ओळखायची खूण वेगळी आहे.

क्लायंट नुकताच चालू केल्यावर एकच औषध जातं आणि जोडणी तुटून पुन्हा जुळल्यावर दोन, मग तीन, असं वाढत जात असेल, तर ट्रिगरच्या प्रती तयार होताहेत. टेम्पट्रिगर किंवा टेम्परेगेक्सट्रिगर (स्क्रिप्टमधून तात्पुरता ट्रिगर बनवणारी फंक्शन्स) जोडणीच्या इव्हेंटमध्ये लिहिला असेल तर दर जोडणीला नवा जन्मतो, जुना जातच नाही. स्क्रिप्ट जतन केली की तिचा कोड पुन्हा चालतो, तेव्हाही तेच. क्लायंट बंद केला की तात्पुरते ट्रिगर जातात, म्हणून दोष 'आपोआप बरा' झाल्यासारखा वाटतो. उपाय असा की बनवताना मिळालेला क्रमांक जपून ठेवायचा आणि नवा बनवण्याआधी जुना मारायचा:

इफ औषधआयडी देन किलट्रिगर(औषधआयडी) एंड
औषधआयडी = टेम्परेगेक्सट्रिगर(नमुना, काम)

इथे नमुना साध्या अवतरणात देऊ नका. मडलेट लुआ ५.१ वापरतो, त्यात साध्या अवतरणातल्या स्ट्रिंगमध्ये \ नंतरचं अक्षर लुआ आधी स्वतः वाचतो. अंकासाठी लिहिलेली उलट्या रेघेची खूण रेगेक्सपर्यंत पोचताना नुसतं अक्षर उरते आणि ट्रिगर कधीच जुळत नाही. दुहेरी चौकोनी कंसात, म्हणजे [[ ]] मध्ये लिहा, तिथे \ जसाच्या तसा राहतो. खिडकीतल्या नमुन्याच्या चौकटीत ही अडचण नसते. म्हणूनच 'चौकटीत चालतो, स्क्रिप्टमधून बनवला की चालत नाही' हे लक्षण दिसतं.

दुसरं कारण: प्रती नाहीत, पण सर्व्हरने तुमचं पहिलं औषध हाताळायच्या आत आणखी दोन प्रॉम्प्ट आले. त्यांतही तब्येत कमीच आहे, म्हणून ट्रिगर प्रत्येक वेळी प्रामाणिकपणे सुटला. इथे झेंडा लागतो, म्हणजे 'औषध पाठवलंय, उत्तराची वाट बघ' हे लक्षात ठेवणारं ट्रू-फॉल्स व्हेरिएबल.

निळीशाई

जोडणी तुटली नसतानाही होतं, म्हणजे दुसरं कारण. झेंडा लावला, ट्रिगर सुटल्यावर पीतआहे = ट्रू, आणि २ सेकंदांच्या टायमरने फॉल्स. आता दुप्पट जात नाही, पण काही वेळा गरज असताना पीतच नाही.

अंकलिपी

झेंडा टायमरने खाली घेऊ नका, सर्व्हरच्या उत्तराने घ्या. सर्व्हर धिमा असेल तर २ सेकंद कमी पडतात, चपळ असेल तर जास्त होतात. 'तुम्ही औषध पिता' या ओळीवर झेंडा खाली. तशीच नकाराची प्रत्येक ओळ हवी: 'तुमच्याकडे औषध नाही', 'तुमचं पोट भरलेलं आहे', 'तुम्ही बेशुद्ध आहात'. नकाराची एखादी ओळ राहून गेली की झेंडा वरच अडकतो आणि ट्रिगर कायमचा गप्प होतो. नेमकं तेच लक्षण तुम्ही लिहिलंय.

टेलनेटकर

उत्तराने खाली घ्यावा हे मान्य, पण टायमर पूर्ण काढायला माझी सहमती नाही. सगळ्या नकारांच्या ओळी कुणालाच आधी माहीत नसतात. टायमर शेवटचा आधार म्हणून ठेवा, ५-६ सेकंदांचा. मात्र उत्तर आल्यावर तो मारायलाच हवा. नाहीतर असं होतं: पहिल्या औषधाचं उत्तर आलं, झेंडा खाली, लगेच दुसऱ्या औषधासाठी वर, आणि तेवढ्यात पहिल्याचा जुना टायमर संपून दुसऱ्याचा झेंडा पाडतो. पुन्हा दुप्पट औषधं.

पीतआहे = ट्रू
टायमरआयडी = टेम्पटायमर(६, फंक्शन() पीतआहे = फॉल्स एंड)

उत्तराच्या ट्रिगरमध्ये:

पीतआहे = फॉल्स
इफ टायमरआयडी देन किलटायमर(टायमरआयडी) टायमरआयडी = निल एंड

टायमरच्या आतल्या फंक्शनमध्ये मॅचेस वापरू नका. टायमर संपेपर्यंत त्यात दुसऱ्याच ट्रिगरची पकड आलेली असते. हवी ती किंमत आधी लोकलमध्ये घ्या आणि फंक्शनमध्ये ती लोकल वापरा.

अंकलिपी

टायमर मारायचा असेल तर हरकत नाही, तसं चालेल. माझा आक्षेप नुसत्या टायमरवर विसंबण्याला होता.

दुसरा मुद्दा, जो अजून कुणी काढला नाही. 'तुम्ही औषध पिता' हा ट्रिगर सबस्ट्रिंग प्रकारचा ठेवलात तर दुसरा खेळाडू ते शब्द तुमच्यासमोर उच्चारूनही तुमचा झेंडा पाडू शकतो:

रघू म्हणतो, 'तुम्ही औषध पिता'

सुरुवातीला ^ असेल तर ओळ रघूच्या नावाने सुरू होत असल्यामुळे जुळत नाही. मनाप्रमाणे हावभावाची ओळ लिहू देणाऱ्या खेळांत ओळीची सुरुवातही दुसऱ्याच्या हातात असू शकते, तिथे रंगाची अट जोडा: खेळाच्या स्वतःच्या संदेशांचा रंग बोलण्याहून वेगळा असेल, तर मडलेटच्या रंग-ट्रिगरने तो तपासता येतो.

यापेक्षा गंभीर म्हणजे पकडलेला मजकूर जसाच्या तसा आदेशात घालणं. 'कोणीतरी तुम्हाला सांगतं' या ओळीतून शब्द उचलून सेंडमध्ये जोडला आणि त्या शब्दांत आदेश वेगळे करणारी खूण असली, तर समोरचा तुमच्या पात्राकडून हवा तो आदेश करून घेईल, वस्तू टाकून देण्यापासून सगळं. पकडीत (.*) ऐवजी फक्त अक्षरांचा वर्ग ठेवा. आणि दुसऱ्याचा मजकूर कधीही कोड म्हणून चालवू नका, कुठल्याही कारणासाठी.

पानगळ

माझ्याकडे लांब ओळींचा ट्रिगर कधी चालतो, कधी नाही. नमुना, रंग, जागा, सगळं तपासलं. खिडकी मोठी असताना जास्त चालतो असं वाटतं.

कोरीपाटी

वाटत नाही, तसंच आहे. तुमचा क्लायंट खिडकीची रुंदी सर्व्हरला कळवतो, टेलनेटचा ३१ क्रमांकाचा पर्याय त्यासाठीच आहे. सर्व्हर त्या रुंदीला ओळ तोडून पाठवतो. ८० स्तंभांची खिडकी असेल आणि शत्रूचं नाव लांब असेल तर वाक्य मधेच तुटून दोन ओळी होतात, आणि एका ओळीपुरता लिहिलेला नमुना कुठल्याच तुकड्यावर जुळत नाही. खेळातली रुंदीची सेटिंग बंद करा किंवा मिळेल तितकी मोठी ठेवा आणि ओळ मोडायचं काम क्लायंटवर सोडा. क्लायंट पडद्यावर मोडतो, पण ट्रिगरला अख्खी ओळ देतो.

रुंदी बदलता येत नसेल तरच अनेक ओळींचा ट्रिगर करा. मडलेटमध्ये 'अँड / मल्टीलाइन' निवडून दोन नमुने द्यायचे आणि किती ओळींच्या आत दोन्ही यायला हवेत तो आकडा १ ठेवायचा. पकड मॅचेसमध्ये न शोधता मल्टीमॅचेसमध्ये शोधा. मल्टीमॅचेस[२][२] म्हणजे दुसऱ्या नमुन्याची पहिली पकड. पण तुटण्याची जागा नावागणिक बदलते, त्यामुळे हा उपाय लंगडाच राहतो.

सहावामजला

तब्येतीसाठी प्रॉम्प्ट वाचायचा एवढा खटाटोप कशाला? जीएमसीपी, म्हणजे खेळाची माहिती वेगळ्या वाटेने पाठवायची सोय, असेल तर तेच घ्यावं ना.

कोरीपाटी

खेळ देत असेल तर नक्की घ्यावं. टेलनेटच्या २०१ क्रमांकाच्या पर्यायाने माहिती मजकुराच्या बाहेरून येते. चिकटणं, रुंदी, दुसऱ्या खेळाडूचं बोलणं, कशाचाच संबंध उरत नाही. मडलेटच्या सेटिंगमध्ये जीएमसीपीची खूण करा, तोडून पुन्हा जोडा, कारण बोलणी जोडणीच्या सुरुवातीलाच होतात, आणि डिस्प्ले(जीएमसीपी) करून काय काय येतंय ते बघा. रिकामं टेबल आलं तर खेळ देत नाही.

दोन गोष्टी मात्र सुटत नाहीत. किंमती काही खेळ आकडा म्हणून पाठवतात, काही स्ट्रिंग म्हणून, त्यामुळे टोनंबर तिथेही लावा. आणि इव्हेंट हँडलर नाव नसलेला नोंदवलात तर स्क्रिप्ट जतन करताना त्याच्या प्रती होतात, वर टेम्पट्रिगरचं सांगितलं तशाच. रजिस्टरनेम्डइव्हेंटहँडलर वापरा, त्याच नावाने पुन्हा नोंदवला की जुना बदलला जातो. 'औषध संपलं' सारखे संदेश मजकुरातच येतात, म्हणून ट्रिगरची गरज पूर्ण संपत नाही.

अर्धविराम

स्वयंचलित खेळाबद्दल प्रत्येक मडचे नियम वेगळे असतात. औषधाचा ट्रिगर पुष्कळ ठिकाणी चालतो, पण माणूस कीबोर्डवर नसताना पात्र खेळत राहणं काही ठिकाणी मना असतं. खेळातल्या मदतीचं नियमांचं पान वाचून मगच चालू ठेवा.

निळीशाई

नमुन्यातलं $ काढलं. उत्तराच्या ओळीला आणि तीन नकारांच्या ओळींना ^ सकट ट्रिगर केले, चिकटलेला प्रॉम्प्ट चालवून घेणारा गट पुढे जोडला. टायमर ६ सेकंद आणि उत्तरावर मारला जातो. लढाईत आता प्रत्येक प्रॉम्प्टवर सुटतो, औषध एकच जातं. खेळात ईओआरची सोय सापडली नाही, जीएमसीपीही नाही.

एकच राहिलंय. जोडणी तुटून परत आल्यावर पहिलं औषध काही सेकंद उशिरा जातं.

टेलनेटकर

झेंडा वर असतानाच जोडणी तुटते, उत्तर कधीच येत नाही, आणि परत आल्यावर ६ सेकंदांचा टायमर संपेपर्यंत ट्रिगर अडून राहतो. सिसकनेक्शनइव्हेंटवर, म्हणजे जोडणी जुळली की मडलेट देतो त्या इव्हेंटवर, नाव दिलेला हँडलर लावा आणि त्यात तीन कामं करा: पीतआहे = फॉल्स, टायमर असेल तर मारा, आणि सीमा निल असेल तर तिला २०० द्या. तिसरं अशासाठी की क्लायंट बंद करून उघडला की एलियसने ठेवलेली सीमा जाते, आणि पहिल्याच प्रॉम्प्टला आकडा आणि निल यांची तुलना होऊन ट्रिगर एररवर थांबतो.